टिल्लीचा कोपरा

प्रिय दादा,

पार्सल पोचलं. आतली चिठ्ठीही वाचली, "मधले, तेवढी घडी घालव, बाकी मी बघतो." घडी घालवणं हे माझं रोजचं काम, म्हणून तू निर्धास्त असशील. पण जरा दमाने वाच.

पहिल्या खेपेला आमच्या कंपनीतल्या तिघा तपासनिसांनी आपापलं तपासून या जुन्या कॉमिकला मार्क दिले. कणा ताठ, पिनांना गंज नाही, कागद अजून पांढरा. दोष एकच, अकराव्या पानाचा खालचा कोपरा दुमडलेला. दहापैकी नऊ पूर्णांक दोन. तेवढ्या मार्कांच्या प्रती आणखीही आहेत. घडी गेली तर मात्र सगळ्यांच्या वर तुझी एकटीच, आणि किंमत कुठल्या कुठे. पुस्तक तेच, चित्रं तीच, दुर्मीळ होतं ते आमच्या आकड्याने. मग ते प्लॅस्टिकच्या जाड पेटीत कायमचं बंद होतं. घेणारासुद्धा वाचत नाही.

आपलं इतकं कोरं का राहिलं ते आपल्यालाच माहीत. आपली धाकटी टिल्ली तापात पडून ते वाचत होती. दमली तेव्हा कोपरा मोडला, तिच्या पद्धतीने, आतल्या बाजूला, नखाने दाबून. त्या तापातून ती उठली नाही, पुढचं राहून गेलं. आईने ते कपाटात चादरींखाली ठेवलं आणि कुणालाही हात लावू दिला नाही.

आमच्या पेटीच्या कडा वितळवून जोडतात, उघडायची तर कापावीच लागते. तुझी मी स्वतः कापली. कडा शाबूत होत्या. आत अकरावं पान सपाट होतं. मोडलेला कागद कितीही दाबला तरी भिंगाखाली रेघ दाखवतोच. इथे रेघच नव्हती. घडी एकोणिसाव्या पानावर होती.

आमचे थोरले तपासनीस, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे, हसून म्हणाले, "बाई, पानं मोजायला चुकलो असू. मी म्हातारा झालो, तुम्हीही काही कुक्कुलं बाळ नाही." मग त्यांनी पेटीवरचं स्वतःच्या सहीचं लेबल वाचलं: घडी, पान अकरा. तेव्हापासून ते माझ्या टेबलाकडे फिरकलेले नाहीत.

मी माझं काम केलं. पानाला वाफ दिली, गरम दाबाखाली ठेवलं, घडी गेली. सकाळी कुलूप काढलं तर तेविसाव्या पानावर नवी. आतल्या बाजूला, नखाच्या खुणेसकट. त्यानंतर मी दाबयंत्र लावलेलं नाही. रोज सकाळी नुसती बघते, आणि रोज ती थोडी पुढे गेलेली असते. काल ते पान हाताला कोमट लागलं. यंत्र तर बंदच होतं. टिल्लीचं कपाळ लागायचं, तसं.

आज कोपरा शेवटून दुसऱ्या पानावर आहे. गिऱ्हाईक थांबलंय, तुझे फोन येतायत, सगळं कळतं मला. घडी आता आपोआप जाईल, दादा. शेवटच्या पानाला ती कधी कोपरा मोडत नसे. हवे तेवढे मार्क मिळतील. पण पुस्तक संपलं की ती काय करायची, आठवतंय? अनवाणी उठायची, माझ्या पलंगाला वळसा घालून तुझ्याकडे यायची आणि उशाशी बसून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. तू झोपेचं सोंग घ्यायचास. परक्या घरात जाग आली तर ती कुणाला शोधेल? म्हणून हे पत्र. पुस्तक पेटीत न घालता, तसंच उघडं, मागोमाग पाठवते आहे. विकू नकोस. उशाशी ठेव. आणि या वेळी सोंग घेऊ नकोस.

तुझीच,
मधली