कुंपणालगतचं बोअर

९ नोव्हेंबर
मार्चपासून इथे एक ओळ लिहिली नाही, माफी असावी. आळस नव्हे, अभ्यास चालला होता. घर तापवायला जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा हीट पंप बसवायचा, त्यासाठी अंगणात खोल बोअर मारावं लागतं. बोअरच्या मजुरीवर करसवलत आहे, पण काम आणि पैसे ३१ डिसेंबरच्या आत उरकायला हवेत. यंदाची सवलत पुढच्या वर्षी मिळत नाही. बायकोच्या, मालिनच्या नावावरची बाथरूमच्या कामात संपली, माझी शिल्लक आहे. ती वाया घालवणं म्हणजे नागरिक म्हणून बेजबाबदारपणा.

१२ नोव्हेंबर
बोअरवाला जागा बघून गेला. पलीकडच्या कोपऱ्यात चर लांब खणावा लागेल, जानेवारी उजाडेल. कुंपणालगत मारलं तर डिसेंबरात होईल. मात्र दोन बोअरमध्ये वीस मीटर अंतर लागतं, नाहीतर एकमेकांची ऊब ओढतात. शेजारच्या सोल्वेगबाईंचं अंगण अरुंद. आमचं तिथे झालं की त्यांना कधीच मारता येणार नाही. म्हणून नगरपालिकेला त्यांचा होकार हवा. रास्त नियम. त्यांना सगळं नीट सांगणार.

१५ नोव्हेंबर
सांगितलं. म्हणजे विचारलं. त्या घर तापवायच्या चुलीसाठी लाकडं रचत होत्या. म्हणाल्या, अरे मार की, माझी परवानगी कसली मागतोस! वीस मीटरचं सांगणार तेवढ्यात त्यांनी हातात ओंडका दिला. हातात ओंडका असताना तांत्रिक चर्चा नीट होत नाही. रविवारी सांगेन.

१७ नोव्हेंबर, रविवार
त्या घरी नसाव्यात. धुराड्यातून धूर येत होता, पण धुरावरून काही सिद्ध होत नाही.
मालिनने विचारलं, सांगितलंस का? म्हटलं, या वयाच्या माणसाला तांत्रिक तपशिलांनी घाबरवू नये. ती म्हणाली, त्यांनी जन्मभर शाळेत फिजिक्स शिकवलंय.

५ डिसेंबर
मशीन आलं. राखाडी चिखल कुंपणाखालून थेट त्यांच्या बर्फावर. सोल्वेगबाई ओरडल्या नाहीत. सगळ्यांना कॉफी आणली, मलाही. मी दुसरा कप घेतला नाही. एवढं प्रायश्चित्त आजच्यापुरतं पुरे.

२० डिसेंबर
पंप चालू. सवलत बिलातच वजा झाली. घरात मोज्यांशिवाय फिरतोय. खिडकीतून त्या लाकडं वाहताना दिसतात. मालिनला म्हटलं, इथे पडदा हवा.

२७ डिसेंबर
सोल्वेगबाई आल्या. डावा खांदा गेलाय. म्हणाल्या, तुझं बघून मीही ठरवलं होतं, नव्या वर्षाच्या सवलतीत बसवून टाकू, लाकडांची कटकट संपेल. तुझ्याच बोअरवाल्याला बोलावलं. तो म्हणतो, आता जागाच नाही. तुला ठाऊक होतं का रे?
मी म्हणालो, ढोबळमानाने.
मग घाईघाईने सुचवलं, हवेवर चालणारा पंप घ्या. म्हणाल्या, उणे पंचवीस अंशांच्या थंडीत तोही तुझ्यासारखाच ढोबळमानाने चालेल.
कोट चढवताना त्यांचा हात बाहीत जाईना. मालिनने मदत केली. दारात थांबून म्हणाल्या, तू विचारायला आलास तेव्हा मी खोलात गेले नाही. म्हटलं, माझं काही जात असतं तर हा सांगेलच की.
सांगणार होतोच. रविवारी.
घर एकवीस अंशांवर आहे.

उद्या: सोल्वेगबाईंची लाकडं फोडून चुलीपाशी नेऊन ठेवणे.