पलंगाखालची विकली गेलेली चित्रं

मी, फ्रेमच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छाती नाही. वकीलबाईंनी मसुदा दिला होता, पण त्यात ‘सदरहू’ इतक्या वेळा होतं की मी तो बाजूला ठेवला. माझी शाळा चौथीनंतर सुटली, तेव्हा जमेल तसं लिहिते. उद्या दवाखान्यात भरती व्हायचंय, पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात साधं आहे. त्यांना म्हणायला काय जातंय.

१. दुकान, वरची खोली आणि बँकेत जे असेल ते सगळं माझ्या एकुलत्या लेकीला. धाकटे दीर म्हणतील, दुकान भावाचं होतं. त्यांना विचारावं, भाऊ गेल्यावर शटर कोण उघडत होतं? पुढे बोललेच तर चहा द्यावा आणि वाटेला लावावं.

२. हत्यारंही लेकीलाच. कोनाची करवत विकू नये, तिच्या बापाच्या हातची आहे. खिळे मारायची बंदूक जावयांच्या हाती लागू देऊ नये. मागे त्यांनी पडद्याचा दांडा लावला होता, ती भिंत अजून सावरलेली नाही.

३. शनिवारची मंडळी. दर शनिवारी दुकान बंद झालं की माझ्या कामाच्या टेबलाभोवती कवी, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, फोटोवाला आणि भोंगा बसतात. भोंगा हे नाव मीच ठेवलं. आधी तो दुकानोदुकानी साबण खपवायचा, आता आम्हाला खपवतो. आपल्या कामाबद्दल आपणच बोलायची लाज वाटते, म्हणून एकाचं काही छापलं, कुठे लागलं, की बाकीच्यांनी गावभर सांगायचं, अशी आमची रीत. चांगली आहे. तिनेच माझी शोभा केली.

४. फ्रेमसाठी पुठ्ठा कापला की आतला तुकडा उरतो. ते तुकडे चिकटवून मी चित्रं करायला लागले. मंडळी म्हणाली, प्रदर्शन भरवू. भोंग्याने पत्रिकेवर छापलं, ‘अशिक्षित हातांची जादू’.

“अरे, चौथी झालेय मी,” मी म्हटलं.

“वहिनी, चौथीला कोण येतंय बघायला? अशिक्षित म्हटलं की गर्दी होते.”

मी ऐकून घेतलं. वर हनुवटीखाली हात घेऊन फोटोही काढू दिला. तो माणसाएवढा फोटो अजून शटरशेजारी लटकतोय आणि रोज सकाळी मला मान खाली घालून कुलूप काढावं लागतं. लेकीने तो उतरवून, तुकडे करून, फ्रेमांच्या पाठीला लावावा. तोंड आतल्या बाजूला.

५. आता चित्रं. प्रदर्शनात एखादं चित्र विकलं गेलं की त्याच्या काचेच्या कोपऱ्यात लाल ठिपका चिकटवतात. पहिल्या दिवशी एकही ठिपका लागला नाही. दुसऱ्या दिवशी जेवून आले, तर सगळ्या चित्रांवर लाल ठिपके. मी हुरळले. दिरांना सांगितलं, जावेला सांगितलं, भाजीवालीलाही थांबवून सांगितलं.

प्रदर्शन उठलं तेव्हा भोंग्याला म्हटलं, “घेणाऱ्यांचे पत्ते दे, बांधायला घेते.” तो बुटांकडे बघायला लागला. कवीही बघायला लागला. मग हळूहळू बाहेर आलं. वहिनींना बरं वाटावं, आणि एक ठिपका पाहून गिऱ्हाइकाला धीर यावा, म्हणून प्रत्येकाने गुपचूप दोन-तीन लावले होते. एकमेकांना कोणीच सांगितलं नव्हतं. खरं गिऱ्हाईक आलं असतं तर त्याला घ्यायला चित्रच उरलं नव्हतं.

“पण वहिनी, किती मायेने केलं आम्ही,” कवी म्हणाला.

“तुझी माया आता भिंतीवरून उतरव,” मी म्हटलं.

सगळीकडे सांगून झालं होतं. म्हणून पुढच्या दाराने, शेजाऱ्यांच्या देखत, चित्रं टेम्पोत चढवली आणि कोपऱ्यावरून वळवून मागच्या दाराने घरात घेतली. ती सगळी माझ्या पलंगाखाली आहेत. मी गेल्यावर पलंग हलणार आणि सगळ्यांना दिसणारच, म्हणून इथेच लिहून ठेवते: एकही विकलं गेलेलं नाही.

पुढच्या कलमातलं एक सोडून बाकीची मंडळींना द्यावीत. ज्याने ज्यावर ठिपका लावला त्याने ते घरी न्यावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लावावं. शनिवारी दुकान त्यांना उघडं ठेवावं. अट एकच: घ्यायचं नसेल त्यावर ठिपका लावायचा नाही, आणि आवडलं नसेल तर तोंडावर सांगायचं.

६. गठ्ठ्यात सगळ्यात वरचं, राखाडी तुकड्यांचं चित्र माझ्या थोरल्या बहिणीला द्यावं. त्यात आमची आई पाठमोरी भांडी घासते आहे. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून आम्ही बहिणी बोलत नव्हतो. तरी ताई न बोलावता प्रदर्शनाला आली. बाकी काही पाहिलं नाही, तिथेच थांबली.

“मान अशीच कलती करायची गं,” म्हणाली. “केवढ्याला आहे?”

मी ठिपक्यावर बोट ठेवलं. “गेलं.”

“कोणी घेतलं?”

“आहेत लांबचे कोणी. तुला नाही कळायचं, ताई. यात मोठमोठी माणसं असतात.”

तिने उघडलेली पर्स बंद केली. “बरं झालं. नाव काढलंस,” म्हणाली आणि गेली.

ताई दोन गल्ल्या सोडून राहते. चित्र नेऊन द्यायला कितीसा वेळ लागतो? पण दारात उभं राहून सांगावं लागेल की कोणी घेतलं नाही, आणि मी तुला तोऱ्यात परत पाठवलं. ते तोंडातून निघत नाही. म्हणून लेकीने न्यावं. “मावशी, तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं,” असं म्हणू नये. लेक गोडबोली आहे, तिला मोह होईल. ते खोटं आहे.

सही: फ्रेमवाली
साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले; वकीलबाई. (भोंग्याला साक्षीदार व्हायचं होतं. वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला, म्हणून घेतला नाही.)
ठिकाण: दुकान, कामाचं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार

पुरवणी, त्याच संध्याकाळी. सही करताना चष्मेवाल्यांनी कलम सहा वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे तुमच्या ताईंनी चित्रासाठी तुमच्या मरणाची वाट बघायची?” मी म्हटलं, “तुम्ही सही करा.” पण ते डोक्यातून जाईना. कलम सहा खोडलं आहे. उद्या दवाखान्यात जाताना गाडी ताईच्या दाराशी थांबवायची, चित्र मी मांडीवर घेऊन बसणार आहे. ठिपका काढलेला नाही. तिने विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.

जीभ रेटलीच नाही, तर लेकीने कलम सहाप्रमाणे करावं. एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं.

सही: फ्रेमवाली
साक्षीदार: तेच दोघे, पुन्हा बोलावून