सोनू घोड्यावर बसणार

२६ मे २०२५, सोमवार. परभणी

तिकिटं आली. आता सुटका नाही.

हे सकाळपासून मोबाईलवर घोडेच दाखवतायत. "बघ, ह्यो किती गरीब दिसायलाय." फोटोत सगळेच गरीब दिसतात! किर्गिझस्तान. दोन महिन्यांपूर्वी मला हे नाव धड उच्चारता येत नव्हतं. यांची पुतणी बबिता तिकडं बिश्केकला डॉक्टरकी शिकते, तिनंच काकाच्या डोक्यात भरवलं – आठ-दहा दिवस या, घोडेस्वारी शिकवतात, डोंगर आहेत, तळं आहे. सोनू तर आत्तापासून सोफ्याच्या हातावर टांग टाकून बसते. नऊ वर्षांची घोडी झाली, असं एरवी म्हटलं असतं. आज म्हणवलं नाही.

मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, परदेशी जायला खात्याची परवानगी लागते. ती मिळणार नाही अशी फार आशा होती. साध्या रजेला महिना लावणाऱ्यांनी ही चार दिवसांत दिली.

२७ मे

आईचा फोन. पोखर्णीच्या अलीकडं, शेतातल्या घरात एकटी असते. "विमानात खिडकीपशी बसू नको," म्हणाली. फिरायला चाललोय एवढंच सांगितलं. घोड्यांचं बोलले नाही. आमच्या माहेरी तो विषय निघत नाही.

२८ मे. सचखंड एक्सप्रेसमध्ये

भुसावळ गेलं. दोघं बापलेक पत्ते खेळतायत. इथं वरच्या बर्थवर कोणी बघत नाही, तर एकदाच लिहून टाकते.

मी नऊ वर्षांची होते. मेंढरं घेऊन आम्ही गोदावरीच्या कडेकडेनं चाललो होतो. घोडीवर सगळा संसार – भांडी, घोंगड्या, कोंबड्या, दोन दिवसांचं कोकरू. आणि सगळ्यांच्या वर माझा भाऊ मोतीराम, दोन वर्षांचा. धनगराची लहान लेकरं अशीच जातात, ओझ्यावर दोरीनं बांधून. बापू पुढं कळपाबरोबर, आई मागं. घोडीचा कासरा माझ्या हातात.

बांधावर बोरी लगडल्या होत्या. मी कासरा सोडला आणि बोरं वेचायला गेले. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. वळणावरून ट्रॅक्टर आला आणि घोडी उधळली.

दोरी सुटून मोतीराम खाली आला आणि तिथंच गेला. मी सांगितलं, घोडीनं हिसडा मारला, कासरा हातातून निसटला. सगळ्यांनी खरं धरलं. बापूनं आठवड्यात घोडी विकली. बापू गेले तेही हेच खरं समजून. यांना एवढंच माहीत आहे की मला एक भाऊ होता आणि तो लहानपणी वारला.

आता माझी सोनू नऊ वर्षांची आहे आणि घोड्यावर बसणार आहे. मला भीती वाटते. लिहून थोडी उतरेल असं वाटलं होतं. नाही उतरली.

३१ मे. बिश्केक

बबिता आम्हाला बुराना नावाचा जुना मनोरा दाखवायला घेऊन गेली. आतला जिना अंधारा, उभाच्या उभा, सरळ भिंतीवर चढावं तसा. हे मधेच घामाघूम होऊन बसले, मी सोनूला घेऊन टोकापर्यंत गेले. "काकू, तुमी तर लय डेअरिंगबाज निघाल्या की," बबिता म्हणाली. मनोरे कितीही चढीन मी.

जेवायला मटण. आपल्यासारखंच, फक्त तिखटाचा पत्ता नाही. यांनी शेंगदाण्याची चटणी काढली. हॉटेलवाल्या बाईनं कौतुकानं चमचाभर खाल्ली आणि मग बराच वेळ दिसली नाही.

२ जून. डोंगरात

गाडीतून उतरले आणि आधी वास आला. मेंढरांचा. हजार मैल लांब आले तरी पाठ सोडत नाही.

लोकरीच्या गोल तंबूत उतरलोय. मालकीण आइगुल, पन्नाशीची, आडव्या बांध्याची, कमरेला सुरी. तीच शिकवते. मी पोचले तेव्हा एक कोकरू आईला सोडून भलत्याच मेंढीमागं ओरडत होतं. मी काही विचार न करता ते उचललं आणि बरोबर मेंढीच्या सडाला लावलं. आइगुल बघतच राहिली. हेही! लग्नाला पंधरा वर्षं झाली, मला मेंढरातलं कळतं हे यांनी पहिल्यांदा पाहिलं. मास्तरीण झाल्यावर मी ते सगळं पुसूनच टाकलं होतं.

दुपारी पहिला धडा. ती सांगते, बबिता मराठी करते. घोड्याच्या मागून जायचं नाही. रिकिबीत पाय टोकापुरताच ठेवायचा. "काकू, त्या म्हणायल्यात, पडलं तर नुस्तं खरचटतंय. अडकलं तर घोडा फरफटत नेतो." मी मान हलवली. ऐकलं मात्र अर्धंच – पडलं तर.

यांचा घोडा अर्धा तास जागेवर उभा राहून गवत खात होता. यांनी त्याला हात जोडले. सगळे पोट धरून हसले, मीपण. मला बसायला सांगितलं तर मी म्हटलं, कंबर दुखते.

३ जून

सोनू एकटी बसली. मी तंबूत तोंडावर पांघरूण घेऊन पडले होते.

४ जून

उद्या शेवटची मोठी फेरी, ओढा ओलांडून पलीकडच्या कुरणापर्यंत. लहान मुलाच्या घोड्याची दोरी घरच्यानंच धरून चालायचं, अशी इथली पद्धत. सोनू म्हणाली, "आई, तूच धर. बाबाचं घोडा ऐकत न्हाई."

नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल. हो म्हणून बसले. तेव्हापासून चहाचा कप दोनदा सांडला. हे म्हणाले, "तुला बरं न्हाई का?" थंडी, म्हटलं. सगळं थंडीवर ढकलायची सोय आहे इथं.

५ जून

सोनू बरी आहे. हे आधी लिहिते.

सकाळी खोगिरावर बसवल्यावर मी माझी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली आणि खोगिराच्या कडीला करकचून गाठ मारली. वरून जाकीट. सोनूला म्हटलं, गार वारा लागू नये म्हणून. आमच्यात बांधतात. आमच्यात लेकरू असंच सुखरूप जातं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

ओढ्यात घोड्याचा पाय गोट्यावरून घसरला. तो गुडघ्यावर आला, खोगीर फिरलं आणि सोनू त्याच्या पोटाखाली लोंबकळली. डोकं पाण्याच्या वर वीतभर. साधी पडली असती तर गुडघाभर पाण्यात पडली असती, उठली असती. पण ती पडूच शकत नव्हती! घोडा उठायला धडपडत होता, खूर तिच्या तोंडाजवळ. आणि मी दोरी घट्ट धरून ओढतेय, म्हणजे त्याला आणखीच खाली खेचतेय. आइगुल ओरडत होती. सोड म्हणत होती, हे भाषा न येता कळत होतं. हात उघडत नव्हते माझे. शेवटी तिनं मला ढकलून दिलं, सुरीनं ओढणी कापली आणि सोनूला बाहेर ओढलं.

कोपर सोललं, बाकी काही नाही. मी ते कोपर किती वेळा पाहिलं असेल.

बबिता पांढरीफटक. "काकू, त्या विचारायल्यात, लेकराला बांधलं कुणी?"

मी, म्हटलं.

जेवणं झाल्यावर यांना बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. बोरांपासून. हे गवत उपटत बसले. मग म्हणाले, "महिनाभर तुला घोडे दाखवायलो मी. एकदा तरी बोलायचं." ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "आईला सांग. म्हातारी हाय तवर सांगून टाक." सोनूच्या जीवाची भीती आजच्यापुरती संपली, तर ही दुसरी उभी. आईला सांगायचं म्हणजे तिचा मुलगा मी मारला, असं सांगायचं.

६ जून

सोनू परत बसली. न बांधता. मी समोर उभी राहून बघितलं.

८ जून

मोठं तळं पाहिलं, इस्सिक-कुल. समुद्रच म्हणायचा. फोटोत मी हसतेय. आई फोनवर विचारत होती, कधी येताय. शुक्रवारी येते म्हटलं. मला ऐनवेळी काही तरी कारण सापडेल, असं वाटतंय.

१३ जून, शुक्रवार. आईकडे

सांगितलं.

आई ज्वारी निवडत होती. हात थांबले नाहीत. "तू बोरं वेचायलीस ते म्या बघितलं व्हतं, राजे," म्हणाली. "पन त्याला बांधलंच न्हवतं. लय रडायला व्हता, दोरी काचायली म्हून म्याच सोडली. तू वळून बघितलंस. मला वाटलं, हिनं बघितलं. कवा ना कवा बापूला सांगती. म्हून तुला आश्रमशाळेत धाडलं."

मी काहीच पाहिलं नव्हतं. शाळेत टाकलं ती माझी शिक्षा, असं समजून मी सात वर्षं तिथं राहिले. सुट्टीत घरी आले की आई माझ्याकडं बघायची नाही. मला वाटायचं, तिला माझा राग आहे.

बत्तीस वर्षं आई मला भीत होती.