उलटलेली कॉलर

३ तारीख, सोमवार
काम मिळालं बाई एकदाचं. जावईबापूंनी लावून दिलं. निघताना लेकीने त्यांच्यासमोरच ही वही हातात ठेवली, म्हणाली, आई, रोज काहीतरी लिही, करमेल तुला. चौथीतून उठलेल्या बाईला वही! असो. बसस्टँडमागे निळ्या पाटीचं लॉज, त्याच्या तळघरात धुलाई. दोन मशिनं, एक वाळवायचं, इस्त्रीचं लांब टेबल, निजायची खाट इथेच. नळाला गरम पाणी. मालकीणबाई तोंडात साखर घोळवून बोलतात. फोन महिनाभर त्यांच्याकडे ठेवायचा, इथला नियम म्हणे.

५ तारीख, बुधवार
पाहुण्यांची तऱ्हाच न्यारी. भरदुपारी येतात, दीड तासात जातात. अंगातले शर्ट भिंतीतल्या झडपेतून, दोरीच्या टोपलीत, खाली येतात. धुऊन, वाळवून, कडक इस्त्री करून लगेच वर. एकाच्या खिशात खडू, एकाच्या खिशात लेकराचं चॉकलेट. मी मालकीणबाईंना विचारलं, यांच्या बायकांचे हात मोडलेत का? त्या हसल्या. म्हणाल्या, बायका आहेत म्हणूनच तर, अत्तराचा वास घरी जाता कामा नये.
माझ्या डोक्यात उजेड पडायला संध्याकाळ झाली.

७ तारीख, शुक्रवार
वरच्या खोलीतून धुवायला आलेल्या उशीच्या अभ्र्यावर भुवयांच्या पेन्सिलीने लिहून आलं. मावशी, आम्ही चौघी आहोत. शिवणकामाला म्हणून आणलं. दार बाहेरून लावतात.
तडक जिन्याकडे गेले. माझंही दार बाहेरून लावलेलं.

८ तारीख
ओरडून घसा बसला. मालकीणबाई दाराआडून म्हणाल्या, गिऱ्हाइकं येतायत तोवर तू इथेच, मुकाट्याने धू.
म्हटलं बरं. मग गिऱ्हाइकंच येऊ नयेत.
कपड्यांवर नंबर घालायची शाई आहे, धुतली तरी जात नाही. चिंध्यांवर लिहिलं, वहिनी, तुमचे मालक निळ्या पाटीच्या लॉजवर येतात. चार मुली कोंडल्यात. शर्टाच्या मागच्या दुमडीत एकेक चिंधी टाचली. पुरुष तिथे कधी बघत नाही. घरी धुणारी बघते.

१३ तारीख
खडूवाला यायचा बंद. चॉकलेटवालाही. काल अकरा शर्ट, आज चार. अभ्र्यावर आलं, मावशी, आज दुपारी दार वाजलंच नाही, आम्ही झोपलो.
मी मेली अभ्रा धरून रडत बसले. रिकामटेकडी कुठली.

१५ तारीख
झडपेतून मालकीणबाईंचा आवाज येतो. साखर संपली. एका गिऱ्हाइकाच्या बायकोने दारात येऊन तमाशा केला. आता वर गेलेल्या प्रत्येक शर्टाची दुमड उसवून बघतात.

१६ तारीख
दोनच शर्ट. अभ्रा आला. उद्या आम्हाला दुसऱ्या गावी हलवणार —

१७ तारीख, सकाळ
एकच शर्ट आला. कॉलर झिजली म्हणून उलटून शिवलेली. दुहेरी टाका, गाठ आत.
टाका माझा. लेकीच्या घरी बसून मीच घातलेला.
मला इथे आणून सोडणारा माणूस वर — आणि एवढंही डोक्यात आलं नाही त्याच्या, की शर्ट कोण धुणार.

दुपार
चिंधी लिहून ठेवलीय. लावली तर लेकीचा संसार गेला. नाही लावली तर चौघी —
लावली. दुमडीत नाही. कॉलर उसवून आत घातली, पुन्हा माझ्याच टाक्याने, पण गाठ बाहेर. लेकीला शिवण मीच शिकवली. गाठ बाहेर दिसली की उसवणारच ती.
शर्ट वर गेला.

झडप वाजली. शर्ट परत आलाय. कॉलर उसवलेली. चिंधी नाही.

जिन्यावर दोघं. मालकीणबाई, आणि — अगदी मऊ आवाजात विचारतायत, आई, बरं आहे ना सगळं, ती वही जरा द्या बघू.
किल्ली फिरतेय.
लेकी, वही मशिनच्या मागे टाकतेय. त्या घरातून आधी बाहेर पड, आणि मग या चौघींना —