पाटी रंगवायला आलेल्या माणसाचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाट्या रंगवणारा, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची एक झडप मात्र ठिकाणावर नाही. पुढच्या महिन्यात तिची शस्त्रक्रिया आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही की मला कोणी भुलवलेले नाही. प्रश्न मात्र विचारले गेले, आणि त्यातल्या एकामुळेच हा कागद नव्याने लिहावा लागत आहे. चार वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो.

वकीलबाईंचे म्हणणे पडले की दस्त आटोपशीर असावा. मी म्हणालो, पाटी आटोपशीर लिहावी लागते, कारण फळी संपते. कागद आणखी मिळतो. त्यांनी कपाळाला हात लावला, पण कागद दिले. माणसांचा उल्लेख आम्ही घरात हाक मारतो तसाच केला आहे. कोण कोण ते त्यांनी जोडपत्रात नोंदवले आहे.

कलम १. घर.

जुन्या बटणांच्या कारखान्याची दुमजली इमारत, आठ खोल्या, एक मोठे स्वयंपाकघर आणि मागचे आवार, हे सर्व कागदोपत्री माझ्या मालकीचे आहे. ते माझे कसे झाले हे आधी सांगायला हवे, कारण मी तिथे फक्त पाटी रंगवायला गेलो होतो.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ही जागा नर्सताईंना वडिलांकडून मिळाली होती. त्या, एक शाळामास्तर, आणि एक सुतार व त्याची बायको, अशा चौघांनी तिथे एकत्र राहायचे ठरवले होते. जेवण एका टेबलावर, कपाटांना कुलूप नाही, आणि दारात येईल त्याला बसायला खुर्ची. मी रंगाचे डबे घेऊन पोचलो आणि विचारले, "काय लिहायचं?"

नर्सताई म्हणाल्या, "ते अजून ठरलं नाही. बसा, चहा घ्या."

मास्तरांना पाटीवर प्रभूचे नाव हवे होते. सुताराला फक्त 'आत या' हवे होते. नर्सताईंना वाटत होते की पाटीच नको. चार दिवस वाद चालला. चारही दिवस मी तिथेच जेवलो, कारण ठरले की लगेच लिहिता यावे. पाचव्या दिवशी पाटी बाजूला राहिली आणि मीच विचारले, "माझं सामान इथं ठेवलं तर चालेल?"

माझा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, पण बायको गेल्यापासून मी उपासनेला गेलो नव्हतो. भक्ती दाटून आली म्हणून मी राहिलो असे कोणी लिहू नये. ही माणसे एवढी कडाकडा भांडतात आणि तरी संध्याकाळी एकमेकांना पाव वाढतात, हे कसे काय, ते बघायला मी राहिलो. अजून नीटसे कळलेले नाही.

सकाळी बायबलचा एक अध्याय वाचायचा आणि ज्याची पाळी असेल त्याने एक प्रश्न विचारायचा, हा शिरस्ता नर्सताईंनी घातला. उत्तर तोंडाने द्यायचे नाही. दिवस मावळेपर्यंत हाताने द्यायचे. 'माझा शेजारी कोण' असा प्रश्न पडला त्या दिवशी सुतार कोणालाही न सांगता गेला आणि मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईचे अडकणारे दार तासून आला. दर बुधवारी खालची मोठी खोली सर्वांना उघडी असे: चित्र काढा, शिवा, गा, कोरा. दिवसभर बटाटे सोलून हात थकलेल्या बाया तिथे येऊन मातीचे पक्षी करत. एकदा एक पोस्टमन आला, दोन तास कोऱ्या कागदापुढे बसला, आणि जाताना म्हणाला, "फार बरं वाटलं." काय बरे वाटले, ते मी त्याला विचारायला हवे होते.

नर्सताई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी घर माझ्या नावावर केले. मी म्हणालो, "मीच का?"

"तुला कशालाही आपलं म्हणायची सवय नाही, म्हणून."

मी त्या वेळी ती शाबासकी समजलो. आता तेवढी खात्री वाटत नाही.

तरी, हे घर मी माझ्या पश्चात त्यात राहणाऱ्या व त्या टेबलावर जेवणाऱ्या सहा जणांच्या न्यासाला देतो. घर विकू नये. बुधवारची खोली बंद करू नये. मात्र राहणारे तिघांपेक्षा कमी उरले, किंवा एकमेकांशी बोलणे थांबूनही नुसते नावासाठी घर चालू राहिले, तर ते खुशाल बंद करावे आणि जागा एखाद्या दवाखान्याला द्यावी. प्रभूला इमारतींची वाण नाही.

कलम २. हत्यारे.

खारीच्या केसांचे सर्व ब्रश, हात टेकवायची काठी आणि सोनेरी वर्खाची डबी सुतारकाकूंना. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे मी त्यांना वीस वर्षांत एकदाही सांगितले नाही, इथे सांगतो.

शिडी सुताराला. तिची तिसरी पायरी "उद्या बसवतो" म्हणून तो एकोणीस वर्षे सांगत आहे. आता ती त्याचीच झाल्यावर काय करतो ते बघायला मी नसेन, याचे वाईट वाटते.

कलम ३. बँकेतील शिल्लक आधी दवाखान्याचे देणे भागवण्यासाठी. उरेल ते बुधवारच्या खोलीतल्या रंगांसाठी.

कलम ४. मास्तर आणि भिंत.

हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही. पण जुने हिशेब मिटवल्याशिवाय मृत्युपत्र पुरे होत नाही, असे मला वाटते.

मी घरात आल्याच्या बाराव्या वर्षी स्वयंपाकघराच्या लांब भिंतीवर एक चित्र काढले. प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग. चेहरे नाहीत, टेबलाखालच्या उंचीवरून दिसतील तेवढेच, बारा जोड्या पाय आणि एक वाकलेला माणूस. पायांसाठी मी घरातल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना बसवले. नर्सताईंच्या भेगाळ टाचा, सुताराचा ठेचलेला अंगठा, सगळे होते. मास्तरांच्या डाव्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यावर चढलेले होते. तेही होते.

चित्र पुरे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठून बघतो तो भिंत पांढरी. मास्तरांनी चुन्याचे दोन हात मारले होते. कोणी विचारले तरी बोलेनात. त्याच आठवड्यात ते घर सोडून गेले आणि अकरा वर्षे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिले. या अकरा वर्षांत मी लोकांना सांगत फिरलो की मास्तरांना कलेतले काही कळत नाही, त्यांचा देव चौकटीतला आहे. ते ऐकणाऱ्या सर्वांना कळावे म्हणून पुढचे लिहितो.

अकरा वर्षांनी मास्तर परत आले ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून. साखरेच्या आजाराने पाय निकामी झाले होते. रोज कोमट पाण्याने पाय धुऊन जखमा कोरड्या करायच्या, आणि पाळीप्रमाणे तिसऱ्या दिवशी ते काम माझ्याकडे आले. मी घमेले घेऊन बसलो.

"मास्तर, एक विचारू?"

"नाही म्हटलं तर तू थांबणार आहेस का?"

"भिंत का पुसलीत?"

त्यांनी पाण्यातला डावा पाय जरा वर उचलला. "हे बोट कुणाच्या पायाला लावलंस, आठवतं?"

आठवत होते. ज्या शिष्याने पैसे घेऊन प्रभूला धरून दिले, ज्याच्या पायाशी थैली ठेवलेली असते, त्याच्या. मी म्हणालो, "शेवटची तेवढीच जागा उरली होती."

"असं होय. जागा उरली होती."

मी फडके उचलले. पाय पुसून झाल्यावर ते म्हणाले, "मला फार उशिरा सुचलं बघ. धुतले होते त्याचेही. वगळलं नव्हतं."

मास्तर त्यानंतर दोन वर्षे जगले. त्यांचे पाय मीच धूत असे. पाळी बदलू दिली नाही. पण खरे मी त्यांना कधीच सांगितले नाही, ते आता लिहितो. जागा उरली नव्हती. मी ती राखून ठेवली होती. चित्राला हात घालण्याच्या आदल्या आठवड्यात मास्तर जेवताना सगळ्यांसमोर मला म्हणाले होते, "स्वतःचं पोर दुसऱ्याच्या दारात ठेवून तू इथं कुणाचे पाय रंगवणार आहेस?" ते मला झोंबले, कारण खरे होते. आणि माझ्या हातात ब्रश होता.

मास्तरांना माझ्याकडून माफी येणे आहे. त्यांना वारस नसल्याने ती इथे नोंदवून ठेवतो. भिंत पांढरीच राहू द्यावी. चुना खरवडून खाली काय आहे ते बघण्याची हौस कोणालाही वाटेल, मला तर रोज वाटायची. पण खरवडू नये. वर नवे काही काढायचे असेल तर हरकत नाही.

कलम ५. मुलगी.

ते पोर म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. तिची आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढच्या वर्षी मी तिला तिच्या मावशीकडे ठेवले. सहा महिन्यांसाठी, असे सांगून. ती तिथेच शिकली, तिथेच मोठी झाली. आता ती पंचेचाळीस वर्षांची आहे आणि पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मी तिला सुट्टीत भेटायला जाई, चित्राची वही नेई. एकदा तिने विचारले होते, "तुमच्या घरात मला खोली नाही का?" मी म्हणालो होतो, "तिथं कुणाचीच स्वतःची खोली नसते गं." हे उत्तर मला तेव्हा फार आध्यात्मिक वाटले होते.

चार वर्षांपूर्वीच्या मृत्युपत्रात तिचे नाव नव्हते. वकीलबाईंच्या कचेरीतून चुकून एक प्रत तिच्या पत्त्यावर गेली. झडपेचे निदान झाले त्या दिवशी दवाखान्यात ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती, तेव्हा तिने तो विषय काढला.

"मला घर नको, बाबा. एक विचारायचं होतं."

"विचार."

"तुम्ही सगळ्या जगाचे पाय धुतलेत. माझी वेणी एकदा तरी घातलीत का?"

समोरून नाव पुकारले गेले आणि ती माझी फाईल घेऊन उठली.

मी घरी येऊन रीतीप्रमाणे तो प्रश्न सकाळच्या टेबलावर ठेवला. त्या दिवशी मला हाताने करण्यासारखे काही सुचले नाही. तिचे केस आता कानापर्यंतच आहेत. म्हणून मी तिच्या दारी गेलो आणि तोंडाने सांगितले. तेच इथे लिहितो, कारण मृत्युपत्रात खोटे लिहिता येत नाही. पोरीचा चेहरा तिच्या आईचा होता. सकाळी उठून तो बघणे मला झेपत नव्हते. परक्यांवर माया करणे सोपे गेले. त्यांचे चेहरे कोणासारखे नव्हते. प्रभूने मला त्या घरात बोलावले हे मी आजही मानतो. पण तिला बरोबर आणू नको, असे त्याने कुठेही म्हटले नव्हते. ती भर मी घातली.

तिने सगळे ऐकून घेतले. रडली नाही. म्हणाली, "हे मला पंधराव्या वर्षी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला माफ केलं असतं. आता वेळ लागेल."

"किती?"

"मला काय माहीत? इथं राहून बघा. शिकवायला यायचं नाही. राहायला या."

मी घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटले होते, कोणीतरी थांबवेल. सुतार म्हणाला, "मग जा की! छत्तीस वर्षं इथं काय शिकलास, ते तिथं दिसू दे." सुतारकाकूंनी माझी पेटी भरायला घेतली.

तरी, माझे उरलेले दिवस, जितके असतील तितके, मी माझ्या मुलीच्या स्वाधीन करतो. वकीलबाईंची हरकत अशी की दिवस ही काही मालमत्ता नव्हे आणि मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते. हरकत मान्य आहे. कलम तसेच राहू द्यावे.

कलम ६. देह. सुताराने साधी पेटी करावी, पॉलिश नको. दफनाच्या वेळी लांबलचक भाषण कोणी केल्यास सुतारकाकूंनी गाणे सुरू करावे. दगडावरची अक्षरे त्यांनीच रंगवावीत. चुकले तर पुसू नयेत.

कलम ७. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी वकीलबाई व सुतार यांना नेमतो. दोघांचे पटत नाही, म्हणूनच काम चोख होईल.

येणेप्रमाणे मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे. मुलगी लाभार्थी असल्याने सहीच्या वेळी वकीलबाईंनी तिला खोलीबाहेर थांबवले. ती बाहेरून दोनदा म्हणाली, "झालं का? चहा निवतोय."

ठिकाण: मुलीचे राहते घर, तिसरा मजला
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १: (सही) डॉक्टरबाई. लिहून ठेवणार यांस मी अकरा वर्षे ओळखते. त्यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत असून तपासणीच्या वेळी त्यांनीच मला जास्त प्रश्न विचारले.

साक्षीदार २: (सही) समोरच्या दारात राहणारा, निवृत्त घड्याळजी. लिहून ठेवणार यांस मी सहा दिवसांपासून ओळखतो. त्यांनी माझ्यासमोर सही केली. पहिल्या दिवशी जिन्यात मी त्यांना, आपण काय करता, असे विचारले असता ते बरोबरच्या मुलीकडे हात करून, "मी हिचा बाप," असे म्हणाले. त्यांच्याविषयी मला एवढीच माहिती आहे.