बेबी, मास्तर आणि ते हिरवं पाखरू

ता. २० मे १९३८
मुकी म्हणे. माझ्या नातीला. आणि म्हणते कोण, तर शेजारची धनुबाई, "तुन्ही नात मुकी शे का, माय?" बेबीला शाळेत घालायला नेलं होतं. मास्तर भिंतीवरच्या चित्रांवर छडी फिरवत गेला, बेबी प्रत्येक चित्राशी थांबून विचार करत बसली. मास्तर म्हणतो, पोरीला शब्द येतात, झटपट येत नाहीत. ६ जूनला पुन्हा बघतो, नाही तर बिगरीत, पहिलीआधीच्या वर्गात, पुढच्या वर्षीच घेऊ. पुढच्या वर्षी कसली शाळा? हे आत्ताच म्हणतात, तेव्हा बेबी शाळेत गेली तर धाकटं बाळ कोण सांभाळेल?
बेबीला मीच शिकवणार. चार दिवसांचं काम.

ता. २१
घरात-अंगणात एकेका वस्तूवर बोट ठेवत गेले: चूल, सूप, बैल, खाट. पोर "सूप" म्हणेपर्यंत भाकरी करपली. सुनेनं लक्ष द्यायला हवं होतं.

ता. २४
एका दमात म्हणते. म्हटलं होतं ना.

ता. २५
सुनेनं बोट उलट्या बाजूनं फिरवलं. बेबीनं बैलाला सूप म्हटलं. सून म्हणते, पोर बघत नाही, नुसतं पाठ म्हणते. उलटं फिरवायचं कारणच काय?

ता. ३०
आता बोट कसंही फिरवा, अडत नाही. फक्त पेरूच्या झाडावर ते हिरवं पाखरू बसलं, वाकड्या चोचीचं. ह्यांचं नाव तेच. त्याला दुसरा शब्द आहे, ते सासऱ्यांचं नाव. आमच्यात बायका नवऱ्याचं नि सासऱ्याचं नाव घेत नाहीत. इथंही लिहिणार नाही. बेबीनं विचारलं, हे काय? म्हटलं, तुझ्या आजोबांचं नाव. पुढं चल. एका पाखरानं काय अडतं?

ता. ६ जून
बेबी सुसाट. मास्तरची छडी मागं पडली. शेवटचं चित्र तेच पाखरू. बेबी न थांबता म्हणाली, "आजोबा."
मास्तर म्हणाला, नीट बघ. बेबी म्हणाली, आजोबाच शे. मास्तर माझ्याकडे वळला, मावशी, तुम्ही सांगा बरं. मी पदर तोंडाला लावला. तो घड्याळ बघत राहिला. दारातून धनुबाई म्हणाली, "आजीबाईले बी बिगरीमा बसाडा, मास्तर."
पुढच्या वर्षी या, म्हणाला.

ता. ७
ह्यांना सांगितलं, मास्तरकडे जा, त्या चित्राचं नाव पोरीला सगळ्यांदेखत सांगा. नुसते "बघू" म्हणाले. मग मी म्हटलं, मीच घेते तुमचं नाव, भर शाळेत. हे हसले.
दुपारी गोठ्यात सराव केला. पहिलं अक्षर आलं, मग ठसका लागला. वाळत घातलेल्या मिरचीचा असेल.
तेव्हा मास्तरकडे जातात की नाही, ते ह्यांनी शनिवारपर्यंत सांगावं.