प्लॅस्टिकचं निर्माल्य

सोमवार, संध्याकाळ

सकाळी देवळामागून प्लॅस्टिकच्या झेंडूचे पोतंभर हार कारखान्यात आणले. आमच्या भट्टीत प्लॅस्टिक हवा लागू न देता, उत्प्रेरकाची भुकटी मिसळून तापवतात. त्याचं तेल होतं. पण हे देवाच्या गळ्यातलं! निर्माल्य पाण्यातच सोडायचं, एवढंच लहानपणापासून ठाऊक. हात धजेना.

पोतं देताना मी कचरतोय हे बघून गुरवाची आई हसली होती. "पाण्यात सोडून बघितलं की, अण्णा! म्हशीनं हार खाल्ला, दोन दिस हंबरत व्हती. लई पुण्य लागलं व्हय तिला?"

तरी दुपारपर्यंत पोतं बाजूलाच. मग वाटलं, फुलं पाण्यात का सोडतात? कुजून मातीला मिळावीत म्हणून. हे हार कुठं मातीला मिळतायत? तेलापासून झालेत, तेलालाच मिळू देत. कामाची पाळी संपायच्या आत दोरे काढले, हात जोडले आणि सगळे हार मीच भट्टीत घातले.